विषमता, असमानता, तफावत, भेदभाव : कोणता शब्द कुठे?

शेतमजूर बायकांसाठीची एक प्रश्नावली मराठीत आणायचं काम माझ्याकडे आहे. मुळात 'इनइक्वॅलिटी' हा शब्द पानोपानी आहे आणि पहिल्या मसुद्यात मी सगळीकडे 'असमानता' लिहिलं. गावात वाचून दाखवलं, तर एका मावशींनी विचारलं, "म्हंजे काय वो ताई?" म्हटलं, एकाच वावरात राबून गड्याला रोज जास्त आणि बाईला कमी, ते. त्या म्हणाल्या, "मग तसं म्हणा की, रोजात फरक." तेव्हापासून अडले आहे. विषमता, असमानता, तफावत, भेदभाव हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? तुम्ही कुठे कोणता वापरता?

प्रतिसाद १

ताई, अजिबात एकाच अर्थाचे नाहीत. शब्दापुढे कोणतं क्रियापद येतं ते बघा, निम्मा उलगडा तिथेच होतो. भेदभाव 'करतात'. दुजाभाव, पक्षपात, आपपरभाव हेही करतात, म्हणजे करणारा कुणीतरी असतो आणि त्याला जाब विचारता येतो. विषमता मात्र 'असते', 'वाढते', 'कमी होते'. 'मालकाने विषमता केली' असं कुणी बोलत नाही. तफावत 'आढळते' किंवा 'पडते', ती दोन आकड्यांत असते. वजनात तफावत, हिशेबात तफावत, मजुरीत तफावत. शब्द अरबीतून आलेला, पण तलाठ्याच्या दप्तरापासून किराणा दुकानापर्यंत इतका रुळलाय की कुणाला परका वाटत नाही.

'असमानता' हा यांतला सर्वांत कोरा शब्द. दोन गोष्टी सारख्या नाहीत, एवढंच तो सांगतो. गणितात तो चपखल बसतो. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, ही असमानताच आहे आणि तिच्यात कुणावर अन्याय होत नाही. 'विषमता' म्हटलं की मात्र हे असं असायला नको होतं, हा सूर आपोआप लागतो.

आणखी एक. 'विषमतेत विष आहे' असं भाषणांत फार ऐकू येतं. वाक्य टाळ्या घेतं, पण व्युत्पत्ती तशी नाही. वि + सम = विषम. 'इ'कारानंतर 'स'चा 'ष' झाला, जसा नि + सेध = निषेध किंवा अभि + सेक = अभिषेक यांत होतो. 'सुषमा' ही याच 'सम'ची लेक, तिथे 'उ'नंतर तेच घडलं. मूळ अर्थ 'सारखं नसलेलं, ओबडधोबड'. म्हणून विषम संख्या, म्हणून नागपूरचं विषम हवामान. यांत विष शोधू नये.

प्रतिसाद २

नागपूरचं नाव निघालंच आहे, तर आमच्याकडचे दोन शब्द घ्या. माणसामाणसांतली विषमता, पण प्रदेशाप्रदेशांतला 'असमतोल'. आणि त्याहून रोजच्या बोलण्यातला म्हणजे 'अनुशेष'. महाराष्ट्रातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या १९८४च्या अहवालानंतर सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष हे शब्द विदर्भ-मराठवाड्यात पानटपरीवरही ऐकू येऊ लागले. १९९४ साली वैधानिक विकास मंडळं झाली, तेव्हा तर तो रोजच्या बातम्यांतलाच शब्द झाला. मला तो फार आवडतो, कारण त्यात 'शेष' आहे. द्यायचं होतं, दिलं नाही, बाकी उरली. 'असमतोल' ऐकून तराजू डोळ्यांसमोर येतो, 'अनुशेष' ऐकून थकबाकीची वही.

प्रतिसाद ३

'पंक्तिप्रपंच' राहिला! एकाच पंगतीत एकाच्या पानावर तूप आणि शेजारच्याच्या पानावर नुसतं वरण. आमची आजी नातवंडांना खाऊ वाटताना म्हणायची, "माझ्याकडे डावं-उजवं नाही." 'कुणी तुपाशी, कुणी उपाशी' ही म्हणही त्याच पंगतीतली.

प्रतिसाद ४

पहिल्या प्रतिसादातला क्रियापदांचा मुद्दा मोलाचा आहे. पण त्यावरून 'विषमता' हा कर्ता लपवणारा, म्हणून कमकुवत शब्द, असं कुणी समजू नये. आज कुणी एक माणूस मुद्दाम काही करत नसला तरी पिढ्यान्‌पिढ्यांची मांडणी चालूच राहते. ती सांगायला 'भेदभाव' पुरत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला, की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. इथे 'भेदभाव राहील' असं घालून बघा, अर्थ लगेच आकसतो. उलट संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात राज्याला मनाई आहे ती भेदभावाची, कारण मनाई कृतीलाच करता येते.

जातीबद्दल ते जे इंग्रजीत मांडत, त्याला मराठीत 'श्रेणीबद्ध विषमता' म्हणतात. अचूक आहे, पण जड आहे. बोलीत त्यासाठी 'उतरंड' आहे आणि माझ्या मते या विषयावरचा मराठीतला सर्वांत नेमका शब्द तोच. मडक्यांची उतरंड ज्यांनी घरात पाहिलीय त्यांना समजावावं लागत नाही. प्रत्येक मडकं कुणाच्या तरी डोक्यावर, सगळ्यांचा भार तळच्यावर, आणि मधल्याला आपण कुणाच्या तरी वर आहोत याचंच समाधान. वरचं मडकं सहज उचलता येतं, तळचं काढायचं तर अख्खी उतरंड हलते.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मसुदा पुन्हा हातात घेतला. अहवालाच्या शीर्षकात 'विषमता' ठेवतेय. आकड्यांच्या तक्त्यावर 'मजुरीतील तफावत'. मुकादम किंवा मालक यांच्या वागण्याविषयीच्या प्रश्नांत 'भेदभाव' लिहिलं होतं, तिथे आता 'डावं-उजवं करतात का?' असं विचारणार. 'असमानता' एकाही ठिकाणी उरली नाही. आणि पहिला प्रश्न मावशींच्याच शब्दांत : "खुरपणीला बाईचा रोज किती, गड्याचा किती? फरक असला, तर तो कुणी ठरवला?"

दुसरं वाक्य मुळात नव्हतं. ते पहिल्या प्रतिसादामुळे सुचलं.