मदत हवी आहे: ए५ शून्य केला तर पाच मितींतल्या फोटॉनची तिसरी डिग्री ऑफ फ्रीडम जाते कुठे?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रोजेक्टसाठी कालुझा-क्लाइन (जादा मिती गुंडाळून चार मितींतलं भौतिकशास्त्र काढणारा सिद्धांत) वाचतोय. क्वांटम फील्ड थिअरीचा एक कोर्स झालाय, स्ट्रिंग थिअरीचा गंध नाही. त्या बेताने सांगा.

डी मितींत फोटॉनच्या डिग्रीज ऑफ फ्रीडम (खरोखर स्वतंत्र असलेले घटक) डी वजा २. फोटॉनच्या फील्डचा काळाच्या दिशेचा घटक ए० (पाचव्या मितीच्या दिशेचा तो ए५) गॉसच्या नियमाने बांधला जातो, आणखी एक घटक गेज निवडण्यात जातो. म्हणजे चार मितींत २, पाचांत ३. आता पाचवी मिती आर त्रिज्येच्या वर्तुळात गुंडाळली आणि फूरिये मोड पाडले (वर्तुळात एन पूर्ण लहरी बसतात तो एनवा मोड), की शून्य मोडात नेहमीचा फोटॉन (२) आणि ए५पासून आलेला बिनवस्तुमानाचा स्केलर (१). हिशेब चोख. ग्रॅव्हिटॉनचंही जमतं: पाच मितींत ५, त्याचे चार मितींत २ + २ + १.

घोडं पुढे अडतं. गेज ट्रान्सफॉर्मेशनमधला (म्हणजे एमध्ये लॅम्डाचं डेरिव्हेटिव्ह मिळवायचं, भौतिकी तीच राहते) लॅम्डा माझ्या मर्जीचा. मग ए५चं पाचव्या मितीच्या दिशेने इंटिग्रल घेऊन मी असा लॅम्डा निवडेन की ए५ सगळीकडे शून्य. स्केलर गायब, उरले २! गेज बदलून डिग्रीज कमी होणं शक्यच नाही, तरी कागदावर होताना दिसतंय.

शिवाय वरच्या मोडांना एन भागिले आर एवढं वस्तुमान मिळतं म्हणतात. गेज सिमेट्री शाबूत असताना, हिग्ज नसताना, ते येतं कुठून?

---

प्रतिसाद १

लॅम्डा तुमच्या मर्जीचा खरा, पण वर्तुळावर त्याला अट आहे. पाचव्या मितीची एक प्रदक्षिणा झाली की तो मूळ किमतीवर यायला हवा. तुमचं इंटिग्रल पाचव्या दिशेने शून्यापासून वाय या अंतरापर्यंत घ्या आणि वाय म्हणजे पूर्ण परीघ ठेवून बघा. लॅम्डा परत येतो का? ए५चं पूर्ण फेरीचं इंटिग्रल शून्य असेल तरच. आणि ते इंटिग्रल म्हणजेच ए५चा शून्य मोड. तो पुसता येत नाही.

मोडांमध्ये मांडलं की लख्ख दिसतं. ए५च्या एनव्या मोडातला बदल एन भागिले आर गुणिले लॅम्डाचा एनवा मोड (आय सोडून देतो). एन शून्य असेल तर बदलही शून्य. म्हणून लॅम्डाचा शून्य मोड ए५ला हात लावत नाही, तो चार मितींतल्या फोटॉनवरच खर्च होतो: ४ वजा २, उरले २. ए५चा १ शाबूत.

एन शून्य नसेल तर उलट. तिथे लॅम्डा ए५चा मोड पुसण्यातच संपतो. फोटॉनच्या चार घटकांतून फक्त गॉसचा एक वजा होतो, ३ उरतात, आणि वस्तुमान असलेल्या स्पिन-१ कणाला ३च लागतात. ए५ने इथे हिग्जमधल्या गोल्डस्टोन कणाचं (ज्याला गिळून गेज कण वस्तुमान मिळवतो) काम केलं, एवढंच. वस्तुमान येतं पाचव्या दिशेच्या डेरिव्हेटिव्हमधून.

पाचवी मिती अनंत असती तर ए५ = ० बिनधास्त घ्या. मात्र मग गेज वापरून झाला, तो पुन्हा वजा करायचा नाही: ४ वजा १, म्हणजे ३.

---

धागाकर्ता

वा, प्रदक्षिणेची अट मी धरलीच नव्हती. मग हा स्केलर लूप करेक्शन्सनंतरही (क्वांटम दुरुस्त्या धरल्यावरही) बिनवस्तुमानाचाच राहतो का?

---

प्रतिसाद २

नुसत्या मॅक्सवेलमध्ये हो, कारण त्याच्याशी बोलायला कोणी नाही. क्यू प्रभाराचं फील्ड घाला. त्याच्या मोडांची वस्तुमानं (मूळ वस्तुमान शून्य धरून) एन भागिले आर अधिक क्यू गुणिले ए५, चिन्ह सोडून. ए५ एक भागिले (क्यू गुणिले आर) इतका सरकवा: प्रत्येक मोड पुढच्याच्या जागी जातो, एकूण यादी तीच. हेच लार्ज गेज ट्रान्सफॉर्मेशन. तिथे लॅम्डा स्वतः परत येत नाही, पण त्यातून बनणारा फेज येतो, आणि प्रभारित फील्डला तेवढं पुरतं. म्हणून ए५चं पोटेन्शियल याच अंतराने पुन्हा पुन्हा तेच येतं.

पाच मितींतली गेज सिमेट्री ए५ला साधी वस्तुमानाची टर्म लिहूच देत नाही. जे येतं ते वर्तुळाला वेढा घालणाऱ्या लूपमधून, आणि ए५वर अवलंबून असलेला तो भाग सांत असतो, अनंत होत नाही. चार मितींतल्या साध्या स्केलरला हे भाग्य नाही. प्रभारित फील्ड आवर्ती (फेरी झाली की तीच किंमत घेणारा) स्केलर असेल तर किमान बिंदू ए५ = ०वर, आवर्ती फर्मिऑन असेल तर बरोबर अर्ध्या अंतरावर.

नॉन-अबेलियन गटात (जिथे ट्रान्सफॉर्मेशन्सचा क्रम बदलला की उत्तर बदलतं) याच मार्गाने सिमेट्री मोडते, होसोतानी यांनी ते १९८३ मध्ये मांडलं. त्याआधी १९७९ मध्ये मँटन यांनी सहा मितींतल्या गेज फील्डमधून हिग्ज काढून दाखवला होता. प्रोजेक्टला दिशा हवी असेल तर इकडे वळा, ग्रॅव्हिटॉनचे हिशेब सगळेच करतात.

एक गणित करून बघा. वर्तुळाऐवजी त्याचा ऑर्बिफोल्ड घ्या, वाय आणि वजा वाय एकच. फोटॉनचे चार घटक सम ठेवले तर ए५ विषम ठेवावा लागतो, मग त्याचा शून्य मोड उरतच नाही. शून्य पातळीवर किती डिग्रीज येतात? आणि वर्तुळावर प्रत्येक वस्तुमानाला दोन स्पिन-१ कण होते, इथे किती? उत्तर इथेच टाका, तपासतो.