एसीसी: मोंझाला पोर्शेचं मागचं टोक निसटतंय, सेटअपमध्ये आधी काय बदलू?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. दिवाळीत लॉजिटेक जी२९ हे गेमिंग स्टीअरिंग घेतलं, तेव्हापासून असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने (एसीसी) हा कार रेसिंगचा गेमच चालू आहे. गाडी पोर्शे ९११ जीटी३ आर. इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर पहिल्या शिकेनला (लागोपाठ डावं-उजवं अरुंद वळण) ब्रेक दाबून स्टीअरिंग वळवलं की मागचं टोक निसटतं आणि गाडी गरकन फिरते, दहातल्या चार लॅप अशाच वाया जातात. नेटवरून एक फास्ट सेटअप उतरवून टाकला तर अजूनच बिघडलं. रविवारी ग्रुपची एक तासाची रेस आहे, विंग, स्प्रिंग, डिफ (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) सगळं बघून काही सुचेना झालंय.

पंचवटी_जीटी३:
भावा तो सेटअप आधी काढून टाक. असले सेटअप बहुतेक क्वालिफायिंगसाठी (रेसआधीच्या वेगवान लॅपसाठी) बनवलेले असतात, टाकीत दोन-तीन लॅपचं पेट्रोल, आणि तू रेसला १०० लिटर भरलंस तर ७५ किलोच्या आसपास वजन वाढतं, मग तीच गाडी वेगळीच वागणार. गेममधला सेफ प्रीसेट (तयार सुरक्षित सेटअप) घे, पाच लॅप मार आणि टायर गरम झाल्यावरचा हवेचा दाब इथे लिही.

गंगापूररोडकर:
पुढे २७.२, मागे २८.४ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). मी पाहिलेल्या एका व्हिडिओत २७.५ सांगितलंय ना?

पंचवटी_जीटी३:
तो व्हिडिओ गेमच्या १.९ अपडेटच्या आधीचा असणार. आता कोरड्या ट्रॅकला २६ ते २७ पीएसआय धरायचं. मागच्या टायरची थंड असतानाची हवा दीडेक पीएसआय कमी कर, पुढची अर्धा. आणि रेसच्या दिवशी गेममधलं तापमान बघ, एक अंशाला साधारण ०.१ पीएसआयचा फरक पडतो. डिसेंबरात निफाडला पहाटे आणि मे महिन्यात भरदुपारी सेशन असेल तर एकच हवा कशी चालेल, तसंच आहे हे. त्यानंतर ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली दाबाची वाटणी) थोडा पुढे घे. एका वेळी एकच गोष्ट बदल हां, नाहीतर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

द्वारका_अलाइनमेंट:
मी खऱ्या गाड्यांचं अलाइनमेंट करतो, संध्याकाळी सिम रेसिंग. मागे टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळवणं) किंचित वाढवलं तर गाडी स्थिर होते पण सरळ रस्त्यावर वेग जातो आणि टायर जास्त घासतो, मोंझासारख्या ट्रॅकवर ते परवडत नाही, म्हणून हा उपाय शेवटी. कॅम्बरला (चाकाच्या उभ्या कलाला) तर सध्या हातच लावू नकोस.

गंगापूररोडकर:
दादा खूप आभार! काल रात्री सलग १४ लॅप, एकदाही फिरली नाही. पण आता लेस्मोच्या दुसऱ्या वळणाला नाक आत येत नाही, बाहेरच पळते.

पंचवटी_जीटी३:
इंजिन मागे असल्यामुळे पुढची चाकं हलकी, ही या गाडीची जातच आहे. ब्रेक एकदम सोडू नकोस, वळणाच्या आतल्या टोकापर्यंत हलका दाब ठेव म्हणजे वजन पुढे राहील, मला हे जमायला दोन महिने लागले पण तिथूनच खरी मजा आली. तरी नाही झालं तर पुढचा अँटीरोल बार (वळणात गाडी कलणं रोखणारी दांडी) एक क्लिक मऊ कर. आणि रविवारी पहिल्या लॅपला टायर थंड आणि टाकी भरलेली असेल, शिकेनला रोजच्यापेक्षा बऱ्याच आधी ब्रेक मार.