ठिपके मोजा, निळा रंग नको
राजमाचीच्या वाटेवर दिसलेली ती दोन निळी फुलपाखरं एकाच जातीची की वेगळी असं फोटो टाकून विचारलंय ना, माझ्या मते वेगळी. वरून दिसणाऱ्या निळ्यावर अजिबात जाऊ नका, तिथेच सगळे फसतात (मीही दोन वर्षं फसलोय), पंख मिटून बसायची वाट बघायची आणि खालच्या बाजूचा फोटो काढायचा. पहिल्याच्या मागच्या पंखाला केसासारखी बारीक शेपटी आहे, शेजारी दोन काळे ठिपके आणि कडेच्या आत रुंद पांढरा पट्टा, म्हणजे पी ब्लू ही जात. तो पट्टा नसता आणि शेपटीपाशी नारिंगी टोपी घातलेले दोन ठिपके असते तर ग्राम ब्लू म्हटलं असतं, तसा एकच असता तर फरगेट मी नॉट.

दुसऱ्याला शेपटीच नाही, ते गवतातलं ग्रास ब्लू. आता त्यातलं पेल ग्रास ब्लू की लेसर ग्रास ब्लू? पुढच्या पंखाच्या मधोमध जी छोटी आडवी रेघ असते तिच्या आत, अंगाच्या बाजूला एक सुटा ठिपका शोधा. पेलला असतो, डार्क ग्रास ब्लूलाही असतो, लेसरला नसतो. तुमच्या फोटोत नेमकं तिथेच गवताचं पातं आडवं आलंय 😄 दुसरा अँगल असेल तर टाका.