इंटररेग: आधी खर्च, मग परतावा. लहान संस्थांनी करायचं काय?

हिशेबनीस
युरोपीय संघ १९९० पासून इंटररेगमधून शेजारी देशांच्या सीमाभागांना एकत्र कामासाठी पैसा देतो. २०२१-२७ साठी तरतूद सुमारे ८ अब्ज युरो, सीमापार प्रकल्पाला साधारण ८० टक्क्यांपर्यंत वाटा. ऐकायला भारी, पण हा परतावा असतो. एक लाख युरोच्या प्रकल्पात २०,००० पदरचे, शिवाय दावा तपासून होईपर्यंत ८०,००० अडकलेले. नगरपालिका निभावते, पाच माणसांची संस्था मेटाकुटीला येते. लहान प्रकल्पांना निम्मी रक्कम आगाऊ द्यावी.

तपासनीस
असहमत. आगाऊ दिलेलं बुडलं की वसुली मुख्य भागीदाराच्या, म्हणजे सगळ्या सहभागी संस्थांच्या वतीनं प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेच्या, गळ्यात. त्यालाही जमलं नाही तर ज्या देशाचा भागीदार, त्या देशाच्या तिजोरीतून. कोणता देश राजी होईल?
जीव जातो तो कागदांत, आणि त्यावर सोय आहे. वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंत कार्यालयीन खर्च बिलाशिवाय धरता येतो. किंवा वेतनाच्या ४० टक्क्यांत बाकीचं सगळं: वेतन ५०,००० तर उरलेल्यासाठी सरसकट २०,०००. एकही पावती नको.

हिशेबनीस
आणि ३०,००० ची पाणी तपासणी यंत्रणा घ्यायची असेल तर? २०,००० मध्ये बसत नाही, वरचे १०,००० खिशातून. ही सोय बैठका-कार्यशाळा करणाऱ्यांची. (म्हणूनच बैठका फार होतात की काय!)

उंबरठा
तुम्ही दोघंही अनुदानावरच अडलात. स्पेनमध्ये, फ्रान्सच्या सीमेलगत पुइगसेर्दाला २०१४ मध्ये सेर्दान्या या सीमेवरच्या खोऱ्याचं रुग्णालय सुरू झालं. बांधकामाचा मोठा भाग युरोपीय निधीतून. पण ते आज चालतंय ते स्पेनमधला कॅटलोनिया प्रांत ६० आणि फ्रान्स ४० टक्के खर्च उचलतात म्हणून. अनुदान भिंती बांधून देतं, परिचारिकेचा पगार दरमहा देत नाही. शिवाय दोन देशांचे डॉक्टर, दोन विमा व्यवस्था, मृतदेह सीमेपलीकडे न्यायचे वेगळे नियम. हे गुंते पैशानं सुटत नाहीत. अर्जासोबतच चालू खर्चाचा लेखी करार मागा. तो नसेल तर आगाऊही नको, परतावाही नको.

हिशेबनीस
रुग्णालयाला मान्य. पण दोन गावांमधल्या पायवाटेला दहा वर्षांचा करार मागितलात तर अर्जच येणार नाहीत.

उंबरठा
पायवाटेवरचं गवत कोण कापणार, एवढी एक ओळ तरी लिहून द्या.