'नैसर्गिक क्षेत्र' म्हणायचं की रान, माळ, मळी? शहरातल्या न लावलेल्या हिरव्या जागांसाठी शब्द हवेत

सातारा (मूळ प्रश्न):

नमस्कार मंडळी. शहरात आणि शहराला लागून असलेल्या काही हिरव्या जागांची पाहणी करायचं आम्ही काही जणांनी ठरवलंय. अजिंक्यताऱ्याचा उतार, चार भिंतीची टेकडी, यवतेश्वरची बाजू, संगम माहुलीकडचा वेण्णेचा काठ. बागा यात धरलेल्या नाहीत. जिथं लॉन नाही, बाक नाहीत, जे आहे ते आपसूक वाढलंय, तेवढ्याच जागा घेणार आहोत. कुठं काय उगवतंय, ते सुस्थितीत आहे का, धोका कशाचा आणि पुढं करायचं काय, एवढं लिहून काढायचंय.

हे काम जगात नवं नाही. न्यूयॉर्क शहराच्या पार्क खात्याकडं सुमारे ३०,००० एकर जागा आहे. तिच्यातली जवळपास एक तृतीयांश बाग नाहीच, ती जंगल, दलदल आणि गवत अशी आहे. त्या भागासाठी त्यांनी १९८४ साली वेगळा गट नेमला. त्यांच्याकडं अशा जागांना 'नॅचरल एरिया' म्हणतात. पाहणीत भरायच्या रकान्यांच्या आमच्या अर्जात आम्ही 'नैसर्गिक क्षेत्र' लिहिलं आणि शेजारच्या मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी कास का?" म्हणजे ते फुलांचं प्रसिद्ध पठार. त्यांच्या घरामागचा उतार त्यांना त्या शब्दात दिसलाच नाही. तर लोकांना आपली वाटेल अशी जागा कोणत्या शब्दानं दाखवावी? आणि 'मूल्यमापन' नि 'व्यवस्थापन' यांना साधे शब्द कोणते?

पुणे:

सरळ 'रान' म्हणा. रानफूल, रानभाजी, रानमेवा सगळ्यांना कळतं. 'शहरातली रानं' हे नाव छान वाटेल.

सांगली:

दादा, ते पुण्यात चालेल. आमच्याकडं आणि साताऱ्यातही रान म्हणजे शेत. "आबा रानात गेल्यात" म्हटलं की आबा उसाला पाणी पाजायला गेलेत. रानडुक्कर, रानमांजर या जोडशब्दांत जुना अर्थ टिकून आहे, पण सुटं 'रान' आलं की डोळ्यासमोर वावरच येतं. सांगलीत तर महापालिकेच्या हद्दीत खरोखरची शेतं आहेत, त्यामुळं घोळ आणखी वाढेल.

ताई, माझं म्हणणं असं की एकच छत्री-शब्द शोधू नका. जागा वेगळ्या तसे शब्द वेगळे, आणि ते आपल्याकडं आधीपासून आहेत. आमच्या कृष्णाकाठचा 'मळी' हा शब्द घ्या. पुराचा गाळ बसून झालेली नदीलगतची जमीन ती मळी, कुणी मळई म्हणतं. आयर्विन पुलापासून हरिपूरच्या संगमापर्यंत काठानं चालत गेलात की ती दिसते. पूर ओसरल्यावर गाळाचा थर वाळतो, त्याच्या पापड्या उचकटतात आणि भेगांतनं लव्हाळा वर येतो, मागोमाग एरंड. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी सगळ्यात आधी चढलं ते अशाच जागांवर. पाटबंधारेवाले निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषा कागदावर आहे, ती बदलू शकते, पण 'मळी' म्हणणारा माणूस मुळात तिथं भिंत घालायला जात नाही. तुमच्या अर्जात वेण्णेच्या काठापुढं 'मळी' लिहिलंत तर ही जागा पाण्याची आहे हे वेगळं सांगावं लागणार नाही.

दुसरं, 'चिबड' विसरू नका. मिरज-वाळवा भागात पाणी साचून खारवलेल्या जमिनीला चिबड म्हणतात. शहराच्या कडेला अशा तुकड्यांत पाणथळ तयार होते, पाणकोंबड्या आणि बगळे येतात. 'चिबड' हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी दुःखानं येतो हे खरं, त्याचं पीक गेलेलं असतं. तरी पाहणीत तो असावा.

वाई:

सांगलीच्या काकांशी सहमत. भर एवढीच घालते की सरकारी शब्दांनी काय केलंय तेही बघावं. सातबाऱ्यावर अशी जागा 'पोटखराबा' असते, म्हणजे लागवडीला न चालणारी. विकास आराखड्यात ती 'मोकळी जागा' होते. बोलताना 'पडीक'. तिन्ही शब्द ऐकून मनात एकच गोष्ट येते: इथं काही नाही, काहीतरी करायला हवं. मग जून आला की खड्डे खणतात, समतल चर काढतात आणि गिरिपुष्प, सुबाभूळ लावतात. ही दोन्ही झाडं मध्य अमेरिका-मेक्सिकोकडची. लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, मी स्वतः अशा कामात हौसेनं जाणारी माणसं ओळखते. पण ते लावतात ते माळावर, आणि माळ हा रिकामा नसतो.

अजिंक्यताऱ्याच्या उतारावर पावसाळा सरता सरता कुसळी गवत बघा. त्याची कुसळं एकमेकांत गुंतून काळपट वेण्या होतात. जमिनीवर पडलेलं कुसळ ओल लागली की पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं, आणि त्या फिरण्यानं टोकाचं बी मातीत शिरतं. टिटवी आणि चंडोल अंडी घालतात ती उघड्या जमिनीवर. दाट झाडी झाली की दोघंही जातात.

१९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यानुसार शहरांनी दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. कायदा चांगला आहे, त्यानं पुष्कळ झाडं वाचलीत. पण गणना वृक्षांची, गवताला तिथं रकाना नाही. माळावर गणती केली तर उत्तर शून्याजवळ येतं आणि कागदावर माळ नापास होतो. म्हणून ताई, अर्जात 'माळ' हा शब्द ठळक घाला. खडकाळ सपाटी असेल तर 'सडा' लिहा. कास २०१२ मध्ये जागतिक वारशात आलं ते पश्चिम घाटाच्या स्थळांपैकी एक म्हणून, आणि तिथली फुलं याच उघड्या, पातळ मातीच्या सड्यावरची.

कराड:

एक शंका. 'नैसर्गिक' म्हटलं की माणसाचा हात न लागलेलं असं होतं. मग सागरेश्वर अभयारण्याचं काय? ते तर उभं केलेलं आहे.

सांगली:

चांगला मुद्दा काढलात. सागरेश्वरचे डोंगर बोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोकांनी झाडं लावली, जगवली, सांबर-चितळ सोडले, आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठं नाही. त्याला नैसर्गिक म्हणा की लावलेलं म्हणा, आज तिथं झाडांच्या नि जनावरांच्या पिढ्या वाढतायत हे महत्त्वाचं. शहरातल्या जागा तर सगळ्याच माणसाच्या हाताखालून गेलेल्या असतात: चराई, सरपण, दगडाच्या खाणी, वणवे. म्हणूनही 'नैसर्गिक' या शब्दावर मी फार भार टाकणार नाही. कसोटी एवढीच धरावी की नवं रोप तिथं माणसानं न लावता उगवतं का.

सातारा (मूळ प्रश्नकर्ती):

काका, ही कसोटी मी तशीच्या तशी अर्जात घेते. 'मूल्यमापन'बद्दल कुणी बोललं नाही. शाळेमुळं त्याला परीक्षेचा वास येतो. 'मोजणी' म्हटलं तर लोकांना भूमापनाची मोजणी वाटते आणि हद्दीवरून भांडण लागतं.

मिरज:

'पाहणी'च ठेवा. पद्धतीसाठी मात्र पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, डोळ्यासमोर आणा. पिकाची आधी नजर अंदाजानं पैसेवारी लावतात, मग सुधारित, मग अंतिम. आणि अंतिम लावताना सगळं शिवार कापत नाहीत. काही ठिकाणी ठरावीक मापाचा प्लॉट आखून तेवढंच पीक कापून वजन करतात. तुम्हीही तसंच करा: आधी सगळी टेकडी फिरून नजर अंदाज, मग चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या जागी दोरीनं चौकोन. झाडीसाठी दहा मीटरचा, गवतासाठी एक मीटरचा. चौकोन आपल्या सोयीनं वाटेजवळ निवडला की हिशोब बिघडतो, कारण वाटेच्या कडेला गाजरगवत नेहमीच जास्त. शेतकऱ्याला हे सांगायला दोन मिनिटं लागतात, त्याला ते आधीच माहीत असतं.

आणि प्रकृती व धोका हे दोन रकाने वेगळे ठेवा. एखादी जागा आज उत्तम असेल पण शेजारी प्लॉटिंग सुरू असेल. दुसरी आजच घाणेरीनं भरलेली असेल पण तिच्यावर नवं संकट नसेल. हात कमी असतील तर पहिलीकडं आधी जावं. चांगलं आहे ते बिघडू न देणं बिघडलेलं सुधारण्यापेक्षा स्वस्त पडतं.

वाई:

'व्यवस्थापन'ला आपल्याकडं 'राखणं' आहे. कुरण राखलं म्हणजे गवत तयार होईपर्यंत जनावर सोडलं नाही आणि मग कापून नेलं. यात कधी बंद ठेवायचं, कधी उघडायचं आणि कुणी न्यायचं हे सगळं येतं. वणव्यासाठी 'जाळरेषा' हा वन खात्यात रुळलेला शब्द आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला गवताचा पट्टा आधीच काढून किंवा जाळून घेतात, म्हणजे आग पुढं सरकत नाही. तो जसाच्या तसा वापरा. जाळायचं काम मात्र वन खात्याच्या माणसांशिवाय करू नका.

घाणेरीबद्दल (काही जण टणटणी म्हणतात) एक कळकळीची विनंती. 'कापणे' असं लिहू नका, 'उपटणे' लिहा. वरून कापली की ती दुपटीनं फुटते. जमिनीखाली तीन-चार बोटांवर कुदळीनं तोडून खोड काढावं आणि मुळं वर करून ठेवावं, म्हणजे ते पुन्हा धरत नाही. तिची फळं बुलबुल खातात आणि बी टाकतात, म्हणून पुढची काही वर्षं पावसाळ्यात रोपं उपटत राहावं लागतं. अर्जात 'पुन्हा कधी जायचं' असा रकाना हवा. एकदा श्रमदान करून फोटो काढला की काम संपत नाही.

सातारा (मूळ प्रश्नकर्ती):

सगळ्यांचे आभार. अर्जाचं नाव 'आपल्या परिसरातल्या आपसूक हिरव्या जागांची पाहणी' ठेवतेय. खाली 'जागेला तुम्ही काय म्हणता?' असा पहिला रकाना, आणि शेजारी खूण करायला माळ, सडा, मळी, राई, ओढाकाठ, पाणथळ, चिबड. शेवटचे रकाने: प्रकृती, धोका, राखायचं कसं, पुन्हा कधी.

एक शब्द अजून अडलाय. आमच्याकडच्या दोन-तीन ओढ्यांना कागदावर 'नाला' लिहिलंय. नाला लिहिलं की त्याचं काँक्रीटचं गटार करायला कुणाची हरकत येत नाही. लोक मात्र ओढाच म्हणतात, काठाला उंबर आणि करंज आहेत. अर्जात काय लिहावं?

मिरज:

दोन्ही लिहा. आधी 'ओढा', पुढं 'कागदोपत्री नाला' आणि गट नंबर. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. त्यावर ओढ्याची रुंदी दिसते, ती आजच्या रुंदीशेजारी मांडता येते. आणि उंबर-करंज कुठल्या बाजूला, किती अंतरावर आहेत तेही टिपून ठेवा. उद्या भिंतीचा प्रस्ताव आलाच तर पहिल्यांदा तेच विचारतील.