गालाची लाली जात नाही, लाइट ट्रीटमेंट करावी का?

दारव्हा तालुका:
आईचे गाल अन् नाक सदा लालच, कापूस वेचून आली की चेहऱ्याची नुसती आग अन् बारीक फोड्या. मेडिकलवाल्यानं दिलेल्या ट्यूबनं आधी बरं वाटलं मंग दुप्पट झालं. डॉक्टर याले रोझेशिया नावाचा कातडीचा आजार म्हणतात. आयपीएलनं, म्हणजे त्या लाइट ट्रीटमेंटनं, कायमचं जाते का?

आर्वीकर:
त्या ट्यूबमधी स्टेरॉइड हाय का ते पहिले डॉक्टरले दाखवा, त्यानं रोझेशिया भडकते. कायमचं नाही जात दादा, काबूत राहते. रक्तातलं हिमोग्लोबिन तो लाइट ओढून घेते, त्या गरमीनं बारीक नसा बंद होतात म्हणून लाली उतरते, पण फोड्यांले मेट्रोनिडाझोल नाहीतर आयव्हरमेक्टिनची क्रीमच लागते. सिटिंगही बऱ्याच लागतात.

वणीची ताई:
आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिनही (कातडीले रंग देणारं द्रव्य) तो लाइट ओढते, भाजून काळे डाग पडू शकतात, म्हणून पार्लरात बिलकुल नको, स्किनच्या डॉक्टरकडंच जा, १०६४ नॅनोमीटरचा एनडी याग लेझर जमन का विचारा, तो सावळ्या कातडीले त्यातल्या त्यात सुरक्षित. अन् वेचणी सकाळी लवकर, तोंडाले दुपट्टा, सनस्क्रीन रोज. झणझणीत रस्सा अन् कडक गरम चहानं लाली वाढते का तेही पाहा. डोळे चुरचुरत असतील तर सांगाच, डोळ्यातही उतरते हे.

दारव्हा तालुका:
डोळे चुरचुरतात ना! सोमवारी नेतो.