मदत हवी आहे: स्थानिक जामीनदाराची अट कशी काढून घ्यावी?

मी तालुका न्यायालयात वकिली करतो. विधी सेवा प्राधिकरणामार्फत माझ्याकडे आलेल्या, झारखंडमधील एका बांधकाम मजुराला चोरीच्या गुन्ह्यात १५,००० रुपयांचा जामीन मंजूर झाला. परंतु ऐपतदार आणि स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे तो अद्याप कारागृहातच आहे. त्याच्या ओळखीत येथे कोणाच्याही नावावर सातबारा नाही आणि आवारात पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार (ते मात्र हवे तेव्हा सापडतात) मला वापरायचे नाहीत.

अट शिथिल करण्याच्या अर्जासोबत मी जामीनदार स्थानिकच हवा असा आग्रह चुकीचा ठरवणारा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७८) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि जामीन मिळूनही सुटका न झालेल्या कैद्यांबाबतचे सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश जोडले होते. सरकारी वकिलांच्या म्हणण्यासाठी तारखा पडत गेल्या आणि अखेर अर्ज एका ओळीत फेटाळला गेला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९० खाली जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरण्याची विनंतीही, आरोपी परराज्यातील असल्याच्या कारणावरून, नाकारली. त्याच्यावर पूर्वीचा गुन्हा किंवा अन्य खटला नाही.

गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या २०२३ च्या योजनेतून पैसे मिळू शकतील, माणूस मिळणार नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८४ मध्ये सत्र न्यायालयाने जामिनाची रक्कम कमी करण्याचा उल्लेख आहे. त्याच कलमाखाली 'स्थानिक' ही अट काढून घेतल्याचा महाराष्ट्रातील एखादा आदेश कोणाकडे आहे का, की थेट उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करणे अधिक लवकर फलदायी ठरेल?